प्लास्टरच्या आधी न्यूट्रल वेगळे करा: नव्या घराच्या डीबीबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्याजवळ तळमजला आणि वर एक मजला असं घर बांधताय. दोन्ही स्लॅब पडलेत, भिंतींत पाइप टाकायचं काम आता सुरू होईल. वायरमनचं म्हणणं, सगळीकडे अडीचची (अडीच स्क्वेअर एमएमची) वायर आणि ३२ अँपिअरच्या एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारे स्विच) टाकू, म्हणजे सारखं काही पडायची, म्हणजे ट्रिप व्हायची, कटकट नको. आरसीसीबी (लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच) नकोच, कारण इन्व्हर्टर असलेल्या घरात ती टिकत नाही, सारखी पडते. अर्थिंग उत्तम करून देतो, मग तिची गरजही उरत नाही. आणि तुम्ही विचारलंय, डीबी (हे सगळे स्विच बसवायचा डबा) किती वेचा, म्हणजे किती स्विचच्या जागांचा, घेऊ आणि कुठल्या कंपनीचा.

कंपनीचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. आयएसआय मार्क असलेला, अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेला कुठलाही नावाजलेला माल चालेल. वे किती, हे आज ठरवताच येणार नाही, कारण सर्किट किती आणि कुठला न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठे जाणार हे अजून कागदावर आलेलं नाही. तुमचा खरा प्रश्न तोच आहे. डीबी नंतर बदलता येतो, एमसीबी पाच मिनिटांत बदलते. पण भिंतीत एकमेकांत मिसळलेले न्यूट्रल प्लास्टर झाल्यावर वेगळे करणं म्हणजे पुन्हा भिंती फोडणं. म्हणून या आठवड्यात वायरमनला दोन दिवस थांबवा आणि आधी कागद घेऊन बसा.

मी घर पाहिलेलं नाही. मीटरपासून डीबी किती लांब, जमीन काळी की मुरमाड, पुढे सोलर किंवा गाडीचं चार्जिंग येणार का, यावर काही आकडे बदलतील. जिथे बदलतील तिथे तसं सांगतो.

आधी वायर आणि एमसीबीचं नातं. एमसीबी उपकरणासाठी नसते, ती भिंतीतल्या वायरसाठी असते. अडीचची तांब्याची वायर पाइपात, दोन-तीन वायरींच्या सोबत, साधारण २० अँपिअरपर्यंत बिनधोक चालते. तिच्यावर ३२ ची एमसीबी लावली तर काय होतं? मानकाप्रमाणे एमसीबी तिच्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तासभर पडत नाही, आणि १.४५ पटीला एका तासाच्या आत पडली तरी ती 'पास' असते. ३२ ची १.४५ पट म्हणजे ४६ अँपिअर. म्हणजे वीसच्या लायकीची वायर ४६ अँपिअर घेऊन जवळपास तासभर भिंतीत तापत राहू शकते, आणि एमसीबी तिच्या नियमाने बरोबरच वागत असते. एमसीबी पडण्याची कटकट जाते ती अशी, वायरच्या जिवावर.

मी घरात ठेवतो ते माप असं: लाइट-पंख्याला दीडची वायर आणि ६ किंवा १० ची एमसीबी. साध्या प्लग पॉइंटांना अडीचची आणि १६ ची. गीझर, एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन यांना प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर आणि २० ची एमसीबी. दोन किलोवॉटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी साधारण ७-८, त्यामुळे अडीचची वायरही हिशोबात बसते. तरी मी चारचीच टाकतो. आज २ किलोवॉटचा गीझर आहे तिथे उद्या ३ किलोवॉटचा इन्स्टंट येतो, तो १३ अँपिअर घेतो, आणि तेव्हा कोणी वायर बदलत नाही. जुने वायरमन अजून तीन-बावीस, सात-वीस अशा गेजच्या भाषेत बोलतात. कोटेशनमध्ये मात्र स्क्वेअर एमएम लिहून घ्या, आणि वायर एफआर किंवा एफआरएलएस, म्हणजे आग न पसरवणाऱ्या आवरणाची, घ्या.

आता आरसीसीबी. मी यावर सविस्तर लिहिणार आहे, कारण घरात माणसं शॉकने जातात ती अनेकदा याच ठिकाणी हात आखडता घेतल्यामुळे.

'अर्थिंग उत्तम असलं की आरसीसीबी लागत नाही' हे वाक्य मी खूप वायरमनांकडून ऐकलंय, चांगल्या कारागिरांकडूनही. हिशोब मांडून बघू. समजा तुमच्या घराच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ३ ओहम आला. हे चांगलं अर्थिंग झालं. तिकडे ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचे २ ओहम धरा. गीझरची कॉइल फुटली आणि फेज (करंट आणणारी वायर) पत्र्याला लागली, तर करंट जमिनीतून ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत जाणार: २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. गीझरवर २० ची सी-कर्व्ह एमसीबी आहे. ती झटक्यात पडायला पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला ती तापून पडेल, पण काही सेकंद, कधी त्याहून बराच जास्त वेळ घेईल. तेवढा वेळ गीझरच्या अंगावर ४६ गुणिले ३, म्हणजे १३८ व्होल्ट उभे असतात, आणि खाली ओल्या फरशीवर कोणीतरी उभं असतं. हे झालं चांगल्या अर्थिंगचं. सातारा भागात काळ्या पाषाणावर आणि मुरमात अर्थ पिट उन्हाळ्यात सुकला की रेझिस्टन्स १५-२० ओहम झालेला मी मीटरवर पाहिलाय. २० ओहमला करंट भरतो साडेदहा अँपिअर. २० ची एमसीबी त्याला कधीच पडणार नाही.

आरसीसीबी वेगळंच काम करते. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. दोघांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की त्याच क्षणी दोन्ही तारा तोडते. कारण हरवलेला करंट कुठेतरी जमिनीत जातोय, कदाचित माणसातून. १०-२० अँपिअरच्या भाषेत बोलणाऱ्या एमसीबीला हा फरक दिसतच नाही. उलट बाजूनेही लक्षात ठेवा: आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी लागतेच. आणि अर्थिंगही लागतंच. अर्थिंग असेल तर गीझरला लीकेज झाल्याबरोबर आरसीसीबी पडते. नसेल तर ती पहिला हात लागेपर्यंत थांबते, मग पडते. माणूस बहुधा वाचतो, पण झटका खाऊन. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियमही तुमच्या घराएवढ्या जोडभाराला अर्थ लीकेजचं संरक्षण मागतात, त्यामुळे 'नको' हा पर्याय तसाही नाही.

मग ती सतत का पडते? वायरमन खोटं बोलत नाहीये, त्याने ती पडताना पाहिलीय. पण दहापैकी आठ वेळा कारण उपकरणात नसतं, न्यूट्रलच्या लूपिंगमध्ये, म्हणजे एका पॉइंटवरून दुसऱ्याला न्यूट्रल उचलण्यात, असतं. गेल्या पावसाळ्यात एका बंगल्यात बोलावलं होतं. तक्रार अशी की बेडरूमची ट्यूब लावली की आख्खं घर अंधारात. तीन जणांनी तीन वेळा आरसीसीबी बदलून झाली होती. डीबी उघडला तर सगळे न्यूट्रल एकाच लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर), काळ्या वायरींचा गुंता, एकावरही खूण नाही. इन्व्हर्टर बंद केला, एकेक काळी वायर सोडवत गेलो आणि मीटर लावत गेलो. शेवटी सापडलं ते बेडरूमच्या स्विचबोर्डात. ट्यूबला फेज इन्व्हर्टरची होती, पण तिथपर्यंत न्यूट्रल आणायला पाइपात जागा उरली नव्हती, म्हणून शेजारच्या प्लग पॉइंटचा न्यूट्रल दीड इंच लांबीची काळी वायर जोडून उचलला होता. करंट एका वाटेने जात होता आणि दुसऱ्या वाटेने परत येत होता. आरसीसीबीला ते लीकेजच दिसणार, आणि तिने पडणंच योग्य होतं. ती दीड इंचाची वायर काढली, वरच्या खोलीतून नवा न्यूट्रल ओढून आणला, तेव्हापासून जुनीच आरसीसीबी तिथे व्यवस्थित आहे.

म्हणून तुमच्या कागदावर मला हे दिसायला हवं: प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल जोडीने निघाले आहेत, जोडीने एकाच पाइपातून गेले आहेत, आणि वाटेत दुसऱ्या कोणाला भेटलेले नाहीत. वायरमनशी भांडू नका, त्याला एवढंच सांगा की 'न्यूट्रल शेजारच्या बोर्डातून उचलायचा नाही, मग पाइप एक जास्त लागला तरी चालेल.' पाइप २० ऐवजी २५ एमएमचा घेतला की हा मोह निम्मा कमी होतो.

आता भार किती ते पाहू. तुम्ही दिलेल्या यादीत दोन गीझर, एक एसी आणि पुढे दुसरा, इंडक्शन, वॉशिंग मशीन, एक एचपीची पाण्याची मोटार, फ्रिज, इस्त्री, बाकी लाइट-पंखे. सगळं बेरीज करून घाबरू नका, सगळं एकदम चालत नाही. थंडीतल्या सकाळचा विचार करा: दोन्ही गीझर ४ किलोवॉट, इंडक्शन २, मोटार १, इस्त्री आणि किरकोळ १. आठ किलोवॉट, म्हणजे सिंगल फेजवर ३५ अँपिअर. होईल, पण काठावर. दुसरा एसी आणि गाडीचा चार्जर मनात असेल तर थ्री फेजच घ्या. महावितरणचा स्थिर आकार थ्री फेजला जास्त आहे, तो दर महिन्याला पडणार, हे घरात बोलून ठेवा. गाडी आणि दुसरा एसी दोन्ही नको असतील तर सिंगल फेज घ्यायला माझी हरकत नाही. मंजूर भार मात्र खराखुरा मागा.

थ्री फेज घेतलंत असं धरून मी डीबी असा मांडेन. मीटरजवळ मुख्य एमसीबी, चार पोलची, म्हणजे न्यूट्रलही सोबत तुटतो. डीबी 'पर फेज आयसोलेशन' पद्धतीचा. त्यात प्रत्येक फेजला स्वतःची दोन पोलची आरसीसीबी आणि स्वतःची न्यूट्रल लिंक मिळते. आरसीसीबी ४० अँपिअरची, ३० मिलिअँपिअरची, शक्यतो 'टाइप ए'. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधले इलेक्ट्रॉनिक भाग ज्या प्रकारचं लीकेज देतात ते साध्या 'टाइप एसी' आरसीसीबीला (इथे एसी म्हणजे खोली गार करणारा नव्हे) नीट ओळखता येत नाही. संपूर्ण घराला एकच चार पोलची आरसीसीबी लावली तर पैसे वाचतात, पण बाहेरच्या दिव्यात पाणी गेलं की मध्यरात्री आख्खं घर अंधारात, आणि मग कोणीतरी वैतागून ती बायपास करतं. फेजनिहाय वेगळ्या केल्या की दोष एका तृतीयांश घरात कोंडला जातो. एका फेजवर तळमजल्याचा गीझर आणि वरचा एसी, दुसरीवर वरचा गीझर आणि स्वयंपाकघर, तिसरीवर मोटार, वॉशिंग मशीन आणि पुढचा एसी, अशी वाटणी मी करेन. दोन्ही गीझर एका फेजवर नकोत. फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ द्या, एमसीबी आणि आरसीसीबी एकात असते ती. आठ दिवस गावाला गेलात आणि बाहेरच्या दिव्यामुळे काही पडलं तर फ्रिज चालू राहिला पाहिजे. मात्र ती आरसीबीओच आहे हे दुकानात बिलावर तपासून घ्या, नाहीतर तिच्याच आकाराची साधी एमसीबी हातात पडते. ती आरसीसीबीच्या आधी, मुख्य एमसीबीनंतर थेट जोडायची असते, नाहीतर काही उपयोग नाही.

इन्व्हर्टरची मांडणी पूर्ण वेगळी. त्याच्या इनपुटला स्वतंत्र एमसीबी, आउटपुटला स्वतःची छोटी आरसीसीबी, आणि तिच्यापुढे तिसऱ्या कोणाचाही संबंध नसलेली न्यूट्रल लिंक. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या प्रत्येक दिव्या-पंख्याचा न्यूट्रल याच लिंकवर परत आला पाहिजे. मी त्या न्यूट्रलला डीबीत आणि प्रत्येक स्विचबोर्डात पांढरी चिकटपट्टी लावतो, म्हणजे पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला कळतं. आउटपुटला आरसीसीबी का, तर लाइट गेल्यावर घर बॅटरीवर चालत असताना मागच्या आरसीसीबींना इन्व्हर्टरच्या पुढचा करंट दिसत नाही. आणि डीबीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा: 'मेन बंद केली तरी इन्व्हर्टरच्या वायरी चालू असतात.' मेन पाडून निर्धास्तपणे पंखा उतरवायला चढलेले लोक मी पाहिलेत.

थ्री फेजमध्ये एक धोका सिंगल फेजहून वेगळा आहे. बाहेर खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल सुटला, तर घरातल्या तीन फेज एकमेकांवर चालू लागतात. जिच्यावर भार कमी, तिच्यावर व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढतं. लोक म्हणतात 'डबल फेज आला', आणि टीव्ही, फ्रिज, राउटर एका फटक्यात जातात. यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षण मेनच्या पुढे बसवा, आणि न्यूट्रलच्या वाटेत फ्यूज कुठेही नको. जुन्या किटकॅट बोर्डांत न्यूट्रललाही फ्यूज असायचा, ती पद्धत अजून कोणी सुचवली तर ठाम नकार द्या. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्शनचं एक उपकरण मेनजवळ असावं, विशेषतः सोलर बसणार असेल तर.

केबलबद्दल: मीटर घराला लागून असेल तर प्रश्न नाही. पण गेटजवळ, ३० मीटरवर असेल, तर सिंगल फेजवर ३५ अँपिअरला चारच्या वायरीत जवळपास ९-१० व्होल्ट वाटेतच जातात, दहाच्या वायरीत ४ च्या आत. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असतं, तिथे हा सहा व्होल्टांचा फरकही मोटारीला जाणवतो.

अर्थिंगसाठी दोन पिट करा, भिंतीपासून दीड मीटर तरी लांब आणि एकमेकांपासून अंतर ठेवून. कोळसा-मीठ की केमिकल, यापेक्षा खोली आणि ओल महत्त्वाची. आंघोळीचं किंवा एसीचं पाणी तिकडे सोडता आलं तर फार चांगलं. काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून आकडा घ्या. पाचच्या खाली यावा, आणि तो आकडा एप्रिल-मेमध्ये पुन्हा घ्यावा. बल्ब लावून 'बघा, पेटला' ही चाचणी नाही. २० ओहमलाही बल्ब पेटतो. हिरवी वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत, लाइटच्या बोर्डापर्यंतसुद्धा, पोचली पाहिजे.

शेवटी सांधे. ढिल्या स्क्रूला ना एमसीबी पकडते ना आरसीसीबी. समजा इन्स्टंट गीझरच्या सॉकेटात एक पीन ढिली आहे आणि तिथे फक्त ०.१ ओहम तयार झालाय. १३ अँपिअरला त्या टोकावर १७ वॉट उष्णता, शेंगदाण्याएवढ्या जागेत, रोज अर्धा तास. करंट नेहमीएवढाच, त्यामुळे पडायचं कारण कोणालाच नाही. आधी सॉकेटची कड पिवळी पडते, मग वायरचं आवरण कडक होऊन सोलताना तुटतं, आतलं तांबं काळपट-तपकिरी दिसतं. असं सॉकेट दिसलं की फक्त सॉकेट बदलू नका, वायर ताज्या चकचकीत तांब्यापर्यंत मागे कापून मग जोडा. गीझर आणि एसीला शक्यतो सॉकेट नकोच, २० अँपिअरचा डबल पोल स्विच द्या, गीझरचा बाथरूमच्या बाहेर. पाइपाच्या आत सांधा कुठेही नको, सांधा लागलाच तर तो उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये. डीबीचे सगळे स्क्रू महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा आवळून घ्या, नवीन तांबं थोडं बसतं.

डीबीची जागा जिन्याखालच्या चपलांच्या कपाटात नको, बाथरूमच्या ओल्या भिंतीवर नको. दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीला, समोर मोकळी जागा. वे मोजताना आज लागतात त्यापेक्षा चार-सहा जास्त घ्या. तुमच्या यादीवरून माझा अंदाज प्रत्येक फेजला आठ वे असा येतो, पण तो कागद झाल्यावर पक्का होईल.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. काम संपल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून मेगर (वायरींच्या आवरणाची चाचणी) करून घ्या: ५०० व्होल्टला फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही १ मेगाओहमच्या वर. न्यूट्रल-अर्थची चाचणी बरेच जण गाळतात, आणि आरसीसीबी विनाकारण पडते ती तिथल्याच दोषाने. जोडणीसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावाच लागतो. तो सही-शिक्क्यापुरता न ठेवता आकड्यांसकट मागा. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थिंग नसलं तरी ते दाबल्यावर ती पडणारच. त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका.

थोडक्यात तुमच्या वायरमनला तीन उत्तरं द्या. अडीचवर ३२ नको, १६. आरसीसीबी हवी, प्रत्येक फेजला एक आणि इन्व्हर्टरला वेगळी. आणि न्यूट्रल शेजारून उचलायचा नाही. यातलं तिसरं त्याने पाळलं तर दुसऱ्याबद्दलची त्याची तक्रार आपोआप मिटेल.

मीटरची जागा, तिथून डीबीपर्यंतचं अंतर, आणि खोल्यांचा साधा हाताने काढलेला नकाशा पाठवा. सर्किटांची यादी आणि केबलचं माप मी त्यावर लिहून देतो, पाइप टाकायच्या आधी.